सुळेवाला वाघ आणि ओवीचा दुधाचा दात

किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही. लॅबच्या एप्रनच्या खिशात सामान जमतं, तसे ते जमतात. खिसा उलटा केला की खडूचा तुकडा, सेफ्टी पिन, लेकीची हेअर क्लिप, आणि मग असं काहीतरी, जे आपण कधी ठेवलं हेच आठवत नाही.

मी अमरावतीच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. तासिका तत्त्वावर. म्हणजे दर जूनमध्ये मी आहे की नाही, हे माझं मलाच ठाऊक नसतं. नामशेष प्राण्यांबद्दल मी जरा हळवी आहे, ते त्यामुळेच असावं.

यंदा माझा खिसा भरला तो एकाच प्राण्याने. तोही दहाएक हजार वर्षांपूर्वी मेलेल्या!

* * *

विज्ञान प्रदर्शनाचा विषय ठरवायला मीटिंग बसली. आमचे विभागप्रमुख गावंडे सर मूळचे बाळापूरचे. आवाज असा की सेमिनार हॉलचा माइक त्यांच्यासाठी कुणी कधी चालूच केलेला नाही.

मी घाबरत घाबरत म्हटलं, “सर, सेबर-टूथ्ड कॅट्स घेऊ या. उत्क्रांती आणि शरीररचना. मराठीत बोर्ड लावू, ‘तलवारदंती मांजरं’.”

“मांजर?” सर म्हणाले. “मॅडम, मांजर पाहाले कोण येईन? मांजर तं घरोघरी हाय. वाघ लिवा.”

मी म्हटलं, सर, तो वाघ नाही. वाघाचा पूर्वजही नाही. मांजरांच्या घराण्यातून ती फांदी फार आधीच वेगळी निघाली आणि अख्खीच्या अख्खी संपली, मागे कुणी वारसही नाही. आजचा मेळघाटातला वाघ त्या प्राण्यापेक्षा आमच्या घरमालकांच्या मांजरीला जवळचा आहे. आणि गंमत म्हणजे असेच लांब सुळे मांजर नसलेल्या प्राण्यांनाही आले होते. दक्षिण अमेरिकेत तर एकाला, जो नात्याने कांगारूच्या बाजूचा! निसर्गाने तोच साचा पुन्हा पुन्हा वापरला. उगाच वाघ लिहून मुलांचा गोंधळ कशाला?

मी एवढं सलग बोलले की माझं मलाच आश्चर्य वाटलं. सरांनीही सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“बरोबर हाय तुमचं,” ते म्हणाले. “मंग असं करा. वर मोठ्या अक्षरात लिवा, ‘सुळेवाला वाघ’. आन् खाली बारीक अक्षरात लिवून टाका, ‘हा वाघ नाही’.”

बोर्ड तसाच झाला!

* * *

त्याच सुमारास ओवीच्या तोंडात भानगड सुरू झाली. ओवी माझी लेक, पहिलीत आहे. खालचा समोरचा दुधाचा दात जागचा हलेना आणि त्याच्या मागून नवा दात वर आला. एकामागे एक, दोन रांगा.

मी एम. एस्सी. झूलॉजी. दात कसे उगवतात यावर तास घेते. तरी ते दृश्य पाहून मी आधी इंटरनेट उघडलं, मग देवाचं नाव घेतलं, मग नवऱ्याला फोन केला. नितीन म्हणाला, “एक जास्तीचा आला, कमी तर नाही ना झाला?”

राजापेठेतल्या डेंटिस्टने धीर दिला. असं बऱ्याच मुलांचं होतं, दुधाचा दात आपोआप पडतो. पण हा फारच चिकट निघाला, तर काढावा लागेल, नाहीतर नवा दात तिरपा जाईल.

घरी येऊन मी ओवीला सांगितलं, “अगं, त्या सुळेवाल्या वाघाच्या पिल्लांचंही असंच असायचं. नवा सुळा येत असताना दुधाचा सुळा बराच काळ शेजारीच उभा राहायचा. नवा दात मोडू नये म्हणून जुना आधार द्यायचा, असं अभ्यास करणारे म्हणतात.”

ओवी एकदम खूश! दिवसभर आरशासमोर. संध्याकाळी अकोल्याला आजीला व्हिडिओ कॉल करून दोन्ही रांगा दाखवल्या. माझ्या सासूबाईंनी चष्मा लावून निरखून पाहिलं.

“दात पडला का उंदराच्या बिळात टाकाचा बरं,” त्या म्हणाल्या. “म्हंजे उंदरासारखा बारीक, पांढरा दात येते.”

ओवीने विचार केला.

“मला उंदराचा नको,” ती म्हणाली. “मोठ्या साइजचा कुठे टाकला की मिळतो?”

* * *

प्रॅक्टिकलची तोंडी परीक्षा होती. पवन नावाचा मुलगा, दर्यापूरकडचा. अभ्यास कमी, आत्मविश्वास भरपूर.

मी विचारलं, “सुळेवाल्यांमधला सगळ्यात प्रसिद्ध प्राणी स्मायलोडॉन. हे नाव कशावरून पडलं?”

“स्माईल देते म्हून, मॅडम.”

मी कपाळाला हात लावला. म्हटलं, “नाही रे बाबा. कोरीवकामाच्या सुरीला ग्रीकमध्ये जो शब्द आहे, त्यावरून. त्याचा सुळा वाघासारखा गोल नव्हता. सुरीसारखा चपटा, आणि धारेला बारीक करवत.”

“मॅडम, पण इतके मोठे दात वरून खाली आल्यावर ओठ मिटत असन का?”

“त्यावर वाद आहे. काही म्हणतात सुळे ओठात झाकले जायचे, काही म्हणतात बाहेर दिसायचे.”

“बाहेर दिसत असन तं मंग ते चोवीस तास स्माईलच झालं ना?”

बाहेरून आलेले परीक्षक माझ्याकडे बघत होते. मी वहीत डोकं खुपसलं आणि पोराला मार्क देऊन टाकले.

* * *

मॉडेलसाठी गावंडे सरांनी ओळखीचा मूर्तिकार गाठला. गणपती आणि दुर्गा करणारा माणूस, फेब्रुवारीत हात रिकामे होते. मी चित्रं घेऊन गेले. ओवीला घरी ठेवायला कुणी नव्हतं, म्हणून तीही सोबत.

मूर्तिकार दादांनी सगळं नीट समजून घेतलं. पुढचे पाय इतके जाड का, तेही विचारलं. मी म्हटलं, “त्याच्या चाव्याचा जोर सिंहापेक्षा कमी होता. आणि सुळे चपटे, आडवा हिसका बसला की मोडायचे. म्हणून आधी पुढच्या पायांनी शिकार जमिनीवर दाबून धरायची, हलू द्यायची नाही, मग जबडा खूप मोठा उघडून गळ्यात सुळे घालायचे.”

“म्हंजे पैलवान हाय हा,” दादा म्हणाले. “पुढून पैलवान, मागून किरकोळ.”

इतकं नेमकं वर्णन मला वर्गात कधी जमलेलं नाही. मी निर्धास्त घरी आले. हीच चूक!

मॉडेल आणायला पुन्हा आम्ही दोघी गेलो. छाती भरदार, पाय जाड, जबडा हा एवढा उघडलेला, सुळे तर बघत राहावे असे. आणि मागे पाठीवरून वळसा घेऊन आलेली, टोकाला झुबका असलेली, सोनेरी कड्याची, हातभर लांब शेपूट!

“दादा, शेपूट!”

“जमली नं मस्त?”

“अहो, आखूड सांगितली होती. त्याला जेमतेम वीतभर शेपूट होती.”

“सांगतली होती,” दादा मान खाली घालून म्हणाले. “पण ताई, बाप करे तवापासून देवीचा वाघ करून राह्यलो. शेपटीपाशी आलो का हात थांबतच नाई.”

“मग आता कापता येईल?”

रंग देणाऱ्या दोघांनी ब्रश खाली ठेवले.

“ताई, कापली का खंडित झाली. खंडित मूर्ती ठेवत नसतात. तिचं विसर्जन करा लागते.”

“पण ही मूर्ती नाही हो, मॉडेल आहे!”

“तुमच्या कॉलेजात मॉडेल असन. माह्या हातून निंघाली तं मूर्तीच हाय.”

ओवीने माझी ओढणी ओढली. “आई, खंडित म्हणजे?”

“काहीतरी तुटलेलं, निघालेलं.”

“मग त्याला पाण्यात टाकतात?”

“हो. चल आता, टेम्पो थांबलाय.”

सरांना फोन लावला. सर म्हणाले, “शेपूट राहू द्या. बोर्डावर अजून एक बारीक ओळ लिवा.”

* * *

इकडे दुधाचा दात पडायचं नाव घेईना. नवा दात तिरपा व्हायला लागला, तशी डॉक्टरांनी तारीख दिली. बधिर करायचं जेल लावायचं, चिमट्याने उचलायचा, एवढंच काम.

ओवी खुर्चीत बसली आणि तोंड जे मिटलं, ते मिटलंच!

“आ कर बेटा.” नाही. “चॉकलेट देतो.” नाही. “आई, तुम्ही सांगा.” मी सांगितलं, विनवलं, शेवटी दटावलं. तिच्या ओठांची रेघ आणखी बारीक झाली. डॉक्टर म्हणाले, आठवडाभराने या. बाहेर वेटिंगमध्ये लोक आमच्याकडे अशा नजरेने बघत होते की मी चपला उलट्या पायात घातल्या.

घरीही तेच. बोलायचं तर ओठ मिटून. खायचं तर वरण-भात, तोही न चावता. पोळी नको, पेरू नको, शेंगदाण्याची चिक्कीसुद्धा नको! शाळेतल्या बाई सांगत होत्या, हजेरीला नुसता हात वर करते. सगळ्यात वाईट म्हणजे हसणं बंद. नितीनने केलेली माकडाची नक्कल बघून तिने उशी तोंडावर दाबून धरली.

मी तिला मांडीवर घेतलं. “दुखेल म्हणून भीती वाटते का?”

मान हलली, नाही.

“मग?”

ओठांच्या फटीतून उत्तर आलं, “दात निघाला की मी खंडित होईन. मग तुम्ही माझं विसर्जन कराल.”

नितीन तोंडावर हात ठेवून गॅलरीत पळाला. मला मात्र हसू येईना. मी म्हटलं, अगं, ते मूर्तीचं असतं, माणसांचं नसतं. तर म्हणाली, “तूच नेहमी म्हणतेस, माझी गोड मूर्ती.”

बालमानसशास्त्रावरची तीन-चार पुस्तकं आहेत माझ्याकडे. एकातही विसर्जनाचं प्रकरण नाही.

* * *

प्रदर्शन मात्र जोरात झालं. शेपूट लपवायला सरांनी मॉडेल असं ठेवलं की मागचा भाग पडद्याच्या आत. परिणाम एवढाच झाला की पोरं समोरून न बघता थेट पडद्यामागे घुसायला लागली. दुपारपर्यंत सुळ्यांसमोर कुणी झेंडूचं फूल ठेवलं, संध्याकाळी कपाळाला कुंकू. मी पुसायला गेले तर सर म्हणाले, “राहू द्या मॅडम. प्रतिसाद हाय तो.”

एक काका हिवरखेडहून आले होते. पोराच्या अ‍ॅडमिशनची चौकशी करायला म्हणून, पण मॉडेलपाशी येऊन थबकले. मी सगळी माहिती सांगितली. त्यांनी सुळा बोटाने चाचपून पाहिला.

“हे काय खाये?”

“मोठमोठे प्राणी. रानरेडे, उंट, घोडे.”

“रानडुकरं?”

“तो तिकडे अमेरिकेत राहायचा, तिथे डुकरासारखे प्राणी होते, तेही खात असेल.”

काकांचे डोळे चमकले. “मंग एक जोडी द्या नं आमच्या हिवरखेडले! हरभरा ठेवून नाई राह्यले डुकरं.”

“काका, हा प्राणी कधीच संपला. दहाएक हजार वर्षं झाली.”

काकांनी मोठा सुस्कारा सोडला.

“तरीच!” ते म्हणाले. “तरीच माजले ना!”

* * *

प्रदर्शनासाठी जमवलेली चित्रं लॅपटॉपवर होती. मला वाटलं, त्यातलं काहीतरी ओवीच्या कामी येईल. काही स्मायलोडॉनचे सुळे जिवंतपणीच मोडले होते. मोडलेलं टोक नंतर झिजून गुळगुळीत झालेलं दिसतं. म्हणजे दात मोडल्यावरही तो प्राणी जगला, खात-पीत राहिला. केवढा पुरावा! मी कवटी दाखवली. “बघ, हा खंडित होता. तरी छान जगला.”

“तो जंगलात होता,” ओवी मिटल्या ओठांनी म्हणाली. “तिथे मूर्तिकार नसतात.”

पुरावा फेटाळला. मग तिने स्वतःच पुढचं चित्र लावलं. सैबेरियाच्या बर्फात सापडलेलं एक पिल्लू, सुळेवाल्या मांजरांपैकीच. जेमतेम काही आठवड्यांचं, अंगावरची लव अजून तशीच, पंजे गोल गोल. तिने बराच वेळ स्क्रीनवर बोट फिरवलं.

“ह्याची आई कुठे होती?”

“माहीत नाही गं.”

“मीटिंगला गेली होती का?”

मी लॅपटॉप बंद केला. दुसऱ्या दिवशी सरांना सांगून डॉक्टरांच्या वेळेसाठी दुपारचे तास बदलून घेतले. सरांनी कारण विचारलं. मी सांगितलं. सर पहिल्यांदाच हळू आवाजात बोलले, “मॅडम, मूर्तिकाराले घेऊन जाता का दवाखान्यात?”

मी खरोखर विचारात पडले होते, एवढं कबूल करते.

* * *

मूर्तिकाराऐवजी सासूबाई आल्या. अकोल्याहून सकाळच्या बसने, हातात धपाट्यांचा डबा. आमच्या सासूबाई म्हणजे कडक काम. पदर कधी ढळला नाही, केस कधी विस्कटले नाहीत, आणि सुपारी अशी कडाकडा फोडायच्या की ऐकणाऱ्याच्या दाढा शिवशिवायच्या. मी त्यांच्यासमोर आजही जरा सरळ बसते. फोनवर त्यांनी सगळा मामला ऐकला होता, पण आल्यावर त्यावर एक शब्द नाही. फक्त म्हणाल्या, “मी येतो संग.”

दवाखान्यात आम्ही चौघं. दात आता हलत होता, नुसता धाग्यावर लटकलेला म्हणा ना. जेल ओठाच्या फटीतून कसंबसं बोट घालून लावलं. पण चिमटा दिसला आणि ओठ पुन्हा बंद!

“आ कर बेटा.”

नाही.

नितीनने माकड केलं. नाही. मी म्हटलं, “ओवी, तो जबडा आठव, तो सुळेवाला किती मोठा आ करायचा? वाघसिंहांच्या जवळपास दुप्पट! तसा कर ना.” तिने मान हलवली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आवाज न करता. तोंड उघडावं लागेल म्हणून ती रडतही ओठ मिटून होती. डॉक्टरांनी चिमटा ट्रेमध्ये ठेवला. माझाच धीर सुटला. मी म्हणणार होते, जाऊ द्या डॉक्टर, तिरपा तर तिरपा.

सासूबाई कोपऱ्यातल्या स्टुलावरून उठल्या. खुर्चीपाशी आल्या. दाराकडे एकदा पाहिलं, नितीनकडे एकदा पाहिलं, माझ्याकडे पाहायचं टाळलं. डोक्यावरचा पदर नीट केला. मग पाठ आमच्याकडे करून त्यांनी दोन्ही हात तोंडाशी नेले.

टक्, असा आवाज झाला.

वळल्या तेव्हा त्यांचे गाल आत गेले होते आणि तळहातावर वरची-खालची अख्खी कवळी होती. गुलाबी हिरड्यांसकट, एकूण एक दात.

“आई?” नितीनचा आवाज चिरकला. “कधीपासून?”

त्यांनी पोटच्या पोराकडे लक्षही दिलं नाही. दात शिकवणाऱ्या सुनेकडे तर नाहीच नाही. हात ओवीच्या नाकासमोर धरला आणि त्या म्हणाल्या, “हे पाह्य. तुही आजी तं पुलीच खंडित हाय. कोनं मले मोल्णा नदीत टाकलं का?”

ओवीने कवळीकडे पाहिलं. मग आजीच्या तोंडाकडे. मग पुन्हा कवळीकडे. तिचे डोळे विस्फारले, आणि तिचं तोंड हळूहळू, आपोआप, पार कानापर्यंत उघडलं.

आम्ही सगळे तसेच उभे. नितीन, मी, नर्स, हातात काहीच नसलेले डॉक्टर.

“डॉक्तल,” सासूबाई बोळक्या तोंडाने ओरडल्या, “माह्याकळे काय पाहून लाह्यले? तिचं तोंड उघळं हाय नं!”